गिटारचा लूप आणि अण्णांचे कान

मागच्या दिवाळीत येलदरीला गेलो तेव्हा गिटार आणि पेडलांची पेटी बरोबर नेली होती. संध्याकाळी ओसरीवर पसारा मांडला, वायरी जोडल्या आणि अण्णांना म्हणालो, ऐका आता. डिले लावलेला, त्यावर रिव्हर्ब, वर थोडा कोरस. माझ्या मते आवाज अगदी ढगातून उतरल्यासारखा येत होता. अण्णांनी कानातलं यंत्र नीट बसवलं, दोनेक मिनिटं ऐकलं आणि विचारलं,

"तू वाजवायलास का ते मशीन वाजवायलंय?"

मी हसण्यावारी नेलं. तर म्हणाले, "तसं नाही रे. मला नुसतं घूंऽऽ ऐकू यायलंय. बोट कुठं पडलं ते कळंनाच."

आता हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण अण्णा स्वतः बुलबुलतरंग वाजवायचे. आमच्याकडं त्याला सगळे बेंजोच म्हणतात, खऱ्या बेंजोशी त्याचा काही संबंध नसला तरी. हे वाद्य मूळचं जपानी. १९१२ साली नागोयात तयार झालेलं ताइशोगोतो तिकडून आपल्याकडं आलं आणि कव्वालीत, भीमगीतांत, लग्नाच्या वरातीत असं काही मिसळलं की आता कुणाला ते परकं वाटत नाही. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. पुढं त्याला पिकअप लागला, ॲम्प्लिफायर लागला आणि मग एको लागला. मुंबई-कोकणातली बेंजो पथकं मिरवणुकीत वाजवतात तो आवाज आठवा. महाराष्ट्रात इफेक्ट वापरणारे सगळ्यात जास्त लोक कोण असं मला विचाराल तर मी रॉकवाल्यांचं नाव घेणार नाही. बेंजोवाले आणि मंडपवाले! गावच्या कीर्तनातसुद्धा मंडपवाला एकोचा नॉब असा काही पिळतो की बुवांच्या निरूपणातला एक शब्द कळू नये. असो.

तर अण्णांचं म्हणणं रात्रभर डोक्यात राहिलं. वयानं कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. तार छेडली की पहिली जी टकटक होते, नखीचा तो बारीक घाव, तो त्याच वरच्या भागात असतो. नंतर उरतो तो नुसता गुंजारव. कानातलं यंत्र आवाज मोठा करतं, पण सूर कुठला आणि त्याचा पडसाद कुठला हे काही त्याला नीट निवडता येत नाही. म्हणजे मी जितका एको वाढवत होतो तितका अण्णांसाठी मी स्वतःला पुसत चाललो होतो. बापाला ऐकवायला म्हणून परभणीहून एसटीत गिटार सांभाळत आणायची, आणि त्याला ऐकू जाणार काय, तर घूंऽऽ.

माझ्या पेटीत यावर इलाज होता आणि मी तो वर्षानुवर्षं चुकीचा वापरत होतो. इफेक्ट्स लूप.

घरच्या मंडळींसाठी थोडं सोपं करून सांगतो (गिटारवाल्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडला तरी चालेल). काही पेडलांना नेहमीच्या इन आणि आऊटशिवाय आणखी दोन भोकं असतात, सेंड आणि रिटर्न. सेंडमधून आवाज बाहेर काढायचा, त्याच्यावर बाहेर काय ते करायचं आणि रिटर्नमधून परत आत घ्यायचा. आपल्या धरणासारखंच आहे की! येलदरीच्या जलाशयातलं पाणी वीजघरात सोडतात, तिथं साडेसात मेगावॉटचे तीन संच फिरवून ते पुन्हा पूर्णेच्याच पात्रात येतं आणि खाली सिद्धेश्वरला जातं. तिथून कालवे. वाटेत पाण्यानं काम केलं, पण नदी तीच राहिली.

आता यात दोन प्रकार आहेत, आणि माझी सगळी तक्रार या दोघांतल्या फरकाबद्दल आहे. एक सिरीज लूप. यात सगळाच्या सगळा आवाज बाहेर जातो आणि बाहेरून येईल तोच पुढं जातो. मागं काही उरत नाही. दुसरा पॅरलल. यात मूळ आवाज सरळ पुढं जातो, त्याची एक प्रत बाहेर फिरून येते आणि शेवटी दोन्ही एकत्र होतात. २०२० च्या पावसाळ्यात धरण भरून दरवाजे उघडले होते तेव्हा ज्यांनी पाहिलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. दहा दरवाजांचं पाणी सरळ खाली येतंय, वीजघराचं पाणी फिरून येतंय, आणि खाली पात्रात सगळं एक. वीजघर बंद पडलं तरी नदी वाहतेच.

आपल्याकडचे बहुतेक गिटारवाले (मीही त्यातच) लूप म्हणजे आणखी चार पेडल लावायची सोय समजतात. पुण्यातला माझा एक मित्र आहे, त्याच्या बोर्डावर अठरा पेडलं आहेत आणि सगळी एकामागोमाग एक ओळीत. तो म्हणतो, श्रोत्याला मूळ गिटार ऐकायचीच नसते, वातावरण हवं असतं. मला हे पटत नाही. वातावरण कशाचं? मध्ये काहीतरी असेल तर त्याच्याभोवती वातावरण होणार ना? माझं मत विचाराल तर लूपचा खरा उपयोग मूळ आवाज जपण्यासाठी आहे. तो एकदा जपला की लूपमध्ये काय वाट्टेल तो वेडेपणा करा.

दुसऱ्या दिवशी तोच केला.

माझ्याकडं बॉसचं एलएस-२ आहे. लाइन सिलेक्टर. त्यात ए आणि बी असे दोन लूप असतात, दोघांना वेगवेगळा आवाजाचा नॉब, आणि दोन्ही एकत्र करायचीही सोय. ए लूपमध्ये मी काहीच लावलं नाही. ए च्या सेंडमधून एक वीतभर वायर काढून सरळ ए च्याच रिटर्नमध्ये खुपसली. हा झाला मूळ आवाज, कुणी हात न लावलेला. लोकांना हे वेड्यासारखं वाटतं, अख्खा लूप वायाच गेला म्हणून. पण या पेडलचा यापेक्षा चांगला उपयोग मला अजून सापडलेला नाही.

बी लूपमध्ये लावली आमच्या परसातली टाकी.

सिमेंटची, पाच फूट रुंद, तळाला चीर गेल्यामुळं रिकामी पडलेली. आत बॅटरीवरचा छोटा ॲम्प्लिफायर ठेवला, त्याला बी चं सेंड. टाकीत वरून एक माइक सोडला, तो छोट्या मिक्सरमधून बी च्या रिटर्नला. (माइक थेट रिटर्नला लावला तर फार क्षीण येतो, मध्ये मिक्सर हवाच. उलट मिक्सरचा आवाज जास्त ठेवला तर पेडल भरडतं, म्हणून अगदी खालून सुरुवात करायची.) मोठ्या स्टुडिओंत पूर्वी असंच करायचे, रिकाम्या खोलीत स्पीकर आणि माइक ठेवून. मला खोली मिळाली नाही, टाकी मिळाली.

आवाज आला, पण पाचवी तार मोकळी छेडली की टाकी एकदम हंबरायला लागली. बाकी तारांना नाही, त्या एकीलाच. मग लक्षात आलं. त्या तारेचा सूर ११० हर्ट्झ. पाच फुटांच्या दोन समोरासमोर भिंतींमध्ये जो सूर घुमतो तो येतो साधारण ११२-११३. म्हणजे टाकी जवळजवळ त्याच सुरात लावलेली निघाली! आत दोन गोणपाटं टाकली तेव्हा जरा शांत झाली. आई मागून ओरडली, "टाकीत काय सोडलंस रे? ती बुजवायची हाय का नाही एकदाची?" तिचाही आवाज माइकनं घेतला आणि ओसरीवरच्या स्पीकरमधून घुमून आला. अंधार पडल्यावर रातकिडे आले. ते मात्र मी मुद्दाम राहू दिले.

एक गोष्ट अशी मिसळामिसळ करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. काही पेडलं आवाजाची फेज उलटी करतात. तसलं पेडल एका लूपमध्ये असेल तर दोन्ही आवाज मिळाल्यावर मोठे व्हायच्या ऐवजी एकमेकांना खातात आणि गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. मी एकदा यापायी चांगली वायर फेकून दिली होती.

टाकी जमली तरी एक अडचण उरली. मी वाजवायचं थांबलो की मागं शेपूट घुमत राहायचं, आणि पुढची ओळ सुरू झाली की अण्णांना पुन्हा गोंधळ. त्यावर एनएस-२ कामाला आलं. हे खरं तर खरखर मारायचं पेडल. लोक त्याच्या लूपमध्ये डिस्टॉर्शन लावतात. गंमत अशी की ते लूपमधला आवाज कापतं, पण कधी कापायचं हे ठरवतं आत येणारी मूळ गिटार ऐकून. म्हणून ते बी च्या वाटेवर घातलं आणि त्याच्या लूपमध्ये टाकी लावली. बोट चालू आहे तोवर टाकी घुमते, बोट थांबलं की खटकन शांत. १९८० साली आलेल्या पीटर गॅब्रिएलच्या अल्बममध्ये फिल कॉलिन्सच्या ड्रमला असाच कापलेला घुमारा दिला होता आणि पुढं दहा वर्षं जगानं त्याचा पिच्छा सोडला नाही. आमच्या परसात तो गोणपाटांसकट झाला इतकंच.

ज्यांच्या डिले पेडलला स्वतःचा लूप असतो (मूगच्या एमएफ-१०४ ला आहे) त्यांना आणखी एक खेळ करता येतो. तिथं लूप पडसादाच्या फेऱ्यातच बसतो, म्हणून त्यात लावलेली गोष्ट प्रत्येक पडसादावर पुन्हा पुन्हा चढते. आवाज मंद करणारा फिल्टर लावा, दर पडसाद आधीच्यापेक्षा आणखी धूसर. सप्तक वर नेणारं पेडल लावा, दर पडसाद एक सप्तक वर. फक्त फेरा वाढला तर आवाज आपोआप फुगत जातो, तेव्हा एक हात नॉबवर असू द्या. माझ्याकडं ते पेडल नाही, एकदा दुसऱ्याचं वाजवलंय. पण त्यातही मला भावला तो धूसर होत जाणारा प्रकार. पडसाद धूसर असला की मूळ सुराच्या आड येत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी अण्णांना पुन्हा बसवलं. आधी नुसतं ए ऐकवलं. मग हळूहळू बी वाढवत गेलो. अण्णा डोळे मिटून बसले होते. अर्ध्यावर आलो तेव्हा हात वर केला, "बस्स." मग म्हणाले, "थोडं मागं घे." घेतलं. "अजून थोडं."

शेवटी उठून स्वतःच खाली बसले आणि नॉब हातात घेतला. मी वाजवत राहिलो. त्यांनी बी चा नॉब पार खाली, नऊ वाजता असतो तिथं आणून ठेवला. मला टाकी जेमतेम ऐकू येत होती. म्हटलं, अण्णा, एवढ्यानं काय होतंय? तर म्हणाले, "आता तू वाजवायलास."

मग बराच वेळ झाल्यावर विचारलं, "त्या दुसऱ्या भोकात बेंजो लागंल का रे?"

माळ्यावरून बुलबुलतरंग काढला. दोन तारा तुटलेल्या, बाकीच्या गंजलेल्या, एक बटण दाबलं की वर येत नाही. आईनं फडक्यानं पुसून दिला. जिंतूरला तारा मिळाल्या नाहीत. मापं लिहून आणली आहेत, या वेळी इथूनच घेऊन जाणार आहे. टाकी तोवर बुजवू नका म्हणून आईला फोनवर सांगितलंय.