पहिल्या दिवशी अर्ध्यावर उतरा

लाभपाचमीला सुरतेचा बाजार उघडतो आणि त्याच आठवड्यात जिममध्येही गर्दी सुरू होते. घारी, फराळ, पाहुणे सगळं आटोपलेलं असतं, लग्नसराई तोंडावर असते. वेसू, पाल, अडाजणपासून आमच्या उधन्यापर्यंत 'पहिला क्लास मोफत' असे फलक दिसू लागतात. सध्या त्यात मागणी आहे ती बंद खोलीत, मोठ्या आवाजातल्या गाण्यांच्या ठेक्यावर चालणाऱ्या सायकलिंगच्या क्लासला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माहेर जळगाव जिल्ह्यातलं, दवाखाना उधन्यात. येणारे-जाणारे विचारतात, 'ताई, क्लास लावायचा म्हणतोय, तयारी काय करू?' त्यांच्या मनात बूट, बाटली, कपडे असतात. माझं उत्तर आधी वेगळं असतं: पहिल्या दिवशी अर्ध्यावर उतरायची तयारी करा. आणि क्लास चालवणाऱ्यांनी नवख्याला खुशाल उतरू द्यावं, एवढंच नव्हे, त्यांनीच त्याला उतरवावं.

हा व्यायाम मला मनापासून आवडतो, हे आधीच सांगते. धावताना गुडघ्यांना जे हादरे बसतात ते इथे बसत नाहीत. उधना-नवसारी रस्त्यावर ट्रक आणि टेम्पोंच्या गर्दीत सायकल घालण्यापेक्षा खोलीतली सायकल केव्हाही सुरक्षित. शिवाय तिला तोल सांभाळावा लागत नाही. लिंबायत, डिंडोलीकडच्या कितीतरी बायका लहानपणी सायकल शिकल्याच नाहीत. घरात एकच सायकल असायची आणि ती भावाच्या वाट्याला जायची. अशा बाईला पन्नाशीत पेडल मारायला मिळतं, घाम निघतो, दम वाढतो, ही मोठी गोष्ट आहे. म्हणूनच पहिला दिवस बिघडला आणि ती पुन्हा फिरकलीच नाही, तर मला वाईट वाटतं.

पण पहिल्या दिवशी नुसता हिरमोडच होतो असं नाही. बाजारात साड्यांच्या दुकानावर काम करणारा एक तरुण असाच मोफत क्लासला गेला. तब्येतीने धडधाकट. पाऊण तास सगळ्यांच्या बरोबरीने पेडल मारली. दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या झाल्या. तिसऱ्या दिवशी तो भिंतीला धरून माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'ताई, दोन जिने चढता येईनात.' लघवीचा रंग विचारला तर म्हणाला, 'कोऱ्या चहासारखा.' मालिश, शेक असलं काही न करता मी त्याला तडक रुग्णालयात पाठवलं. सलाइनवर काही दिवस काढून तो सुखरूप घरी आला.

या त्रासाला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. न झेपणाऱ्या श्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. वेळेत उपचार झाले नाहीत तर डायलिसिसची पाळी येऊ शकते. २०१७ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये डॉक्टरांनी या क्लासनंतरच्या अशा रुग्णांची माहिती मांडली. वैद्यकीय साहित्यात तोवर नोंदल्या गेलेल्या ४६ रुग्णांपैकी ४२ जणांचा तो पहिलाच क्लास होता. हा आजार विरळ आहे, त्याने घाबरून घरी बसायचं कारण नाही. पण या आकड्यांतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. धोका सायकलीत तेवढा नाही, जेवढा पहिल्याच दिवशी पूर्ण क्लास करण्यात आहे.

त्याचं कारण या सायकलीच्या जन्मातही सापडतं. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला जॉनी गोल्डबर्ग अमेरिकेत लांब पल्ल्याच्या सायकल शर्यती खेळायचा. 'रेस अक्रॉस अमेरिका'च्या तयारीसाठी त्याने घरात चालवायची सायकल बनवली, आणि १९९० च्या दशकात तिच्यावरचे सामूहिक क्लास जगभर पसरले. हीच शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये पूर्ण केली, म्हणून ती मराठी वाचकाला ठाऊक आहे. अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडणाऱ्यांच्या सरावाचं हे यंत्र. रस्त्यावर चढ आला की आपण उतरून सायकल हातात धरतो, उतार आला की पेडल थांबवून पाय मोकळे सोडतो. इथे ती सोय नाही. बहुतेक सायकलींचं जड चाक पेडलला थेट जोडलेलं असतं, त्यामुळे पाय थांबवले तरी चाक त्यांना ओढत राहतं. त्यात वाऱ्याची झुळूक नाही, भोवती वीस जण जोरात पेडल मारताहेत आणि समोरून ट्रेनर 'आणखी, आणखी' म्हणतोय. नवख्याला आपण थकलो हे उशिरा कळतं.

सुरतेच्या शरीरांचा विचार तर आणखी वेगळा करायला हवा. हिऱ्याच्या घंटीवर बसणारा कारागीर दिवसभर पुढे वाकून बसतो. कंबर आणि जांघेचे स्नायू आखडलेले असतात. घरी मांडी घालून साड्यांना खडे चिकटवणाऱ्या, धागे कापणाऱ्या बायकांचंही तेच. लूमवरचा कामगार बारा तास उभा असतो, पण त्याच्या मांड्यांना असा ताण माहीत नसतो. यांना मी सांगते, क्लास लावण्याआधी दोन आठवडे रोज अर्धा तास झपझप चाला आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा-दहा वेळा उठा-बसा. मधुमेह, रक्तदाब, छातीत दुखणं असेल किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नका. त्यातल्या काही गोळ्यांनी स्नायूंना इजा व्हायचा धोका वाढतो.

क्लासच्या दिवशी बाकी तयारी सोपी आहे. रविवारी सकाळी लोचो खाऊन थेट क्लासला जाऊ नका. तास-दीड तास आधी एखादं केळं पुरे. अगदी उपाशीपोटीही नको. सुरतेच्या दमट हवेत घाम भरपूर जातो, तेव्हा पाणी आधीपासून पीत राहा आणि बाटली, पंचा बरोबर ठेवा. तळ कडक असलेले बूट घाला, नाड्या आत खोचा. ओढणी आणि सैल पायांची सलवार नको, ती पेडलमध्ये अडकते. गाण्यांचा आवाज सोसत नसेल तर कानात बोळे घाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि पंधरा मिनिटं आधी पोचा, कारण सायकल आपल्या मापाची करून घ्यायला तेवढा वेळ लागतो. सायकलीशेजारी उभं राहायचं आणि सीट कमरेच्या हाडाच्या उंचीला आणायची. मग बसून टाच पेडलवर ठेवायची आणि पेडल अगदी खाली न्यायचं. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. आता चवडा पेडलवर आणला की गुडघ्यात किंचित वाक राहतो, तीच योग्य उंची. सीट खाली राहिली तर गुडघ्याच्या वाटीवर भार येतो, वर गेली तर कंबर डावी-उजवीकडे डोलते. हँडल सुरुवातीला सीटपेक्षा थोडं वर असू द्या, म्हणजे पाठ आणि मनगटं सुटतात. मग समोरचा गोल नॉब पाहा. तो फिरवला की पेडल जड होतं, आणि बहुतेक सायकलींत तोच खाली दाबला की चाक थांबतं. चाक थांबवून पाहिल्याशिवाय क्लास सुरू करू नका.

सपाट रस्त्याच्या वेगाला मिनिटाला ८० ते ११० फेऱ्या आणि चढाला ६० ते ८० असं सर्वसाधारण प्रमाण आहे. नवख्याने खालच्या आकड्यालाच राहावं. नॉब पूर्ण सैल सोडून भरभर पाय फिरवू नयेत, त्याने सांधे हिसकले जातात. सगळे सीटवरून उठले तरी आपण बसून राहावं. शेजाऱ्याशी एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे, ही मर्यादा. आणि वीस मिनिटं झाली की वेग हळूहळू कमी करून उतरावं. पुढचे दोन-तीन दिवस लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवावं. ती गडद झाली, मांडी सुजली किंवा पाय उचलेना, तर वेदनाशामक गोळी न घेता डॉक्टर गाठावा.

एवढं सगळं ग्राहकानेच का सांभाळायचं, हा माझा खरा प्रश्न आहे. २०२३ च्या नवरात्रात गरबा खेळताना माणसं दगावल्याच्या बातम्यांनी गुजरात हादरला, आणि गरब्याच्या मैदानाजवळ रुग्णवाहिका हवी ही मागणी सगळ्यांना पटली. पैसे घेऊन व्यायाम शिकवणाऱ्या खोलीत मात्र नव्या माणसाला 'तुम्हाला काही त्रास आहे का?' एवढंही कुणी विचारत नाही, हे मी रुग्णांकडून वारंवार ऐकते. मोफत क्लास पूर्ण वसूल करावा असं माणसाला वाटणारच. म्हणून तो मोफत क्लास वीस मिनिटांचा आणि फक्त नवख्यांसाठी ठेवावा. दारात एक पानाचा तब्येतीचा अर्ज भरून घ्यावा. प्रत्येकाची सीट ट्रेनरने स्वतः लावावी. गडद लघवीची सूचना भिंतीवर मराठी, गुजराती, हिंदी, ओडियात लावावी, कारण या शहरात या सगळ्या भाषा बोलणारे राबतात. यात खर्च म्हणावा असा काहीच नाही.

धंद्याच्या दृष्टीनेही हे तोट्याचं नाही. पहिल्या दिवशी पाय मोडून घेतलेला माणूस परत येत नाही. थोडी ताकद शिल्लक ठेवून घरी गेलेला येतो. म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'मी वीस मिनिटांत उतरले तर चालेल ना?' ट्रेनर 'चालेल, तसंच करा' म्हणाला, तर तिथे नाव घाला. तो हसला किंवा 'पूर्ण करा हो, काही होत नाही' म्हणाला, तर दुसरा क्लास शोधा.