पत्र रांगेत आहे, हरवलेले नाही

भांडुपच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे: मुलगा एका शिक्षणसंस्थेचा ईमेल सांभाळतो. बाहेरची पत्रे येतात, पण संस्थेने पाठवलेली काही पत्रे पोहोचतच नाहीत. बोल मुलाला लागतो. काय करावे?

भगिनींच्या शेजारी पवईला आयआयटी आहे. १९८६-८७ च्या सुमारास ‘अर्नेट’ योजनेत ही आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी ही संस्था टेलिफोनवरून जोडली गेली व ईमेलची ये-जा सुरू झाली. अशा जोडणीत लाइन लागली नाही की पत्र थांबायचे, लागली की निघायचे. आजही पलीकडचा संगणक बंद असला तर पत्र रांगेत थांबते. ही रांग अधूनमधून हलवावी लागते.

हे काम करणाऱ्या जुन्या प्रोग्रामांपैकी एक म्हणजे बर्कलेच्या एरिक ऑलमन यांचा ‘सेंडमेल’. तो सुरू करताना नावापुढे वजाचे चिन्ह देऊन इंग्रजी अक्षरे टाइप करतात. त्यांना ऑप्शन म्हणतात. ‘-बीडी’ म्हणजे दारात बसून येणारी पत्रे घे. ‘-क्यू३०एम’ म्हणजे दर ३० मिनिटांनी रांग तपासून अडकलेली पत्रे पुन्हा पाठव.

दोन्ही हवेत. नुसते ‘-बीडी’ दिले, तर पहिल्या प्रयत्नात न गेलेले पत्र तसेच पडून राहते. एरवी सुमारे ४ तासांनी पाठवणाऱ्याला उशिराची सूचना मिळते आणि ५ दिवसांनी पत्र परत येते. पण रांगच हलत नसेल, तर ही सूचनाही निघत नाही. म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

मुलगा सेंडमेल वापरत असेल, तर आमचा सल्ला असा. आधी ‘-बीपी’ देऊन रांग पाहावी. प्रत्येक पत्रापुढे अडण्याचे कारण दिसते. मग ‘-क्यू -व्ही’ देऊन ती लगेच हलवावी व काय घडते ते पडद्यावर वाचावे. शेवटी दोन्ही ऑप्शन संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवावेत, नाहीतर वीज जाऊन आली की पुन्हा तेच.

कुणाच्या शिष्यवृत्तीचे, कुणाच्या प्रवेशाचे पत्र त्या रांगेत असेल. ती अमानत आहे. रोज सकाळी एकदा रांग पाहण्याची सवय मुलाने लावून घ्यावी.