रोध थोडा, व्यय मोठा

परळांतील आमच्या जुन्या चाळींत गेल्या पौषांत एका सकाळीं आमच्या बिऱ्हाडाचा फ्यूज तीनदां वितळला. तिसऱ्या खेपेस आमच्या नातवानें त्या जागीं तांब्याची जाड तार बसविण्यास घेतली. "आजोबा, रोध वाढल्यामुळेंच फ्यूज जातो ना?" असें तो म्हणाला. आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. तथापि हा प्रश्न तसाच सोडून देणें आम्हांस बरें वाटलें नाहीं.

घरांतील उपकरणें समांतर जोडलेलीं असतात. प्रत्येकास सारखाच, २३० व्होल्टचा, दाब मिळतो. आणि दाबाच्या वर्गास रोधानें भागिलें असतां शक्तिव्यय निघतो. १०० वॅटच्या तारेच्या दिव्याचा रोध, तो जळत असतांना, ५२९ ओहम. १००० वॅटच्या शेगडीचा अवघा ५३. म्हणजे रोध दशांश, तर व्यय दसपट. हींच दोन उपकरणें एकसर जोडल्यास दोहोंतून प्रवाह एकच वाहतो व नियम उलटतो: दिवा उजळतो, शेगडी थंड राहते.

समांतर वाटा वाढतात तसतसा एकंदर रोध घटतो. त्या सकाळीं शेगडीच्या जोडीस १५०० वॅटची पाणी तापविण्याची कांडी व ७५० वॅटची इस्त्री चालूं होती. एकंदर रोध १६ ओहमांवर उतरला आणि प्रवाह १४ अँपिअरांवर चढला. हा सर्व प्रवाह भिंतींतील एकाच जुन्या तारेंतून जातो. ती मात्र सर्वांशीं एकसर असते, आणि तिच्यांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. एकट्या शेगडीच्या मानानें प्रवाह सव्वातीनपट झाला, तर तारेंतील उष्णता दहापटींहून अधिक झाली!

१९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस आली, ती सुमारें एक लाख व्होल्ट दाबानें. त्यांतील मर्म हेंच: दाब मोठा ठेविला कीं प्रवाह थोडा पुरतो व वाटेंतील तारा कमी तापतात. घरांत दाब वाढवितां येत नाहीं. म्हणून भार आवरावा लागतो.

फ्यूज हा अशा वेळीं स्वतः वितळून घर राखतो. त्याच्या जागीं जाड तार घातली, तर वितळण्याची पाळी भिंतींतील तारेवर येते. आणि आमच्या चाळीचा जिना लांकडी आहे.

नातवानें ती तार मुकाट्यानें खालीं ठेविली. आतां आमच्या घरीं स्नानें आटोपल्यावरच इस्त्री तापते. वाचकांनींही आपल्या घरचा फ्यूज एकदां जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावा.