पूर्वीसारखे बोलतात का?

हॉलीवूडचे अभिनेते कर्क डग्लस यांना 28 जानेवारी 1996 रोजी पक्षाघाताचा झटका आला. तेव्हा त्यांचे वय 79 होते. घरी नखे नीट करून घेत बसले असताना कानशिलापासून गालापर्यंत काहीतरी टोकदार फिरल्यासारखे वाटले, दुखले मात्र काही नाही. बोलायला गेले तर तोंडातून अर्थ नसलेले आवाज निघू लागले. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, 25 मार्चला, ते ऑस्करच्या व्यासपीठावर उभे होते. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या हस्ते त्यांना सन्माननीय ऑस्कर मिळाले. जड जिभेने का होईना, ते आपल्या तोंडाने बोलले. प्रेक्षकांत बसलेल्या चारही मुलांचा त्यांनी उल्लेख केला. सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते.

29 ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन असतो. अशा दिवशी असे प्रसंग हमखास सांगितले जातात आणि ते सांगावेतही. पण त्या दोन महिन्यांत काय घडले, हे कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेले नाही. डग्लस यांनीच 2002 साली आलेल्या ‘माय स्ट्रोक ऑफ लक’ या पुस्तकात आपल्या निराशेबद्दल लिहिले. बोलता न येणाऱ्या नटाने आता मूकपटांचा जमाना परतण्याची वाट पाहावी, अशी स्वतःची थट्टा ते करत. त्याच माणसाने एकदा पिस्तूल तोंडात धरले होते. नळी दातावर आपटली, कळ आली, आणि मरायला निघालेल्या माणसाला दातदुखी सोसवत नाही याचे त्यांना हसू आले. म्हणून ते वाचले. पक्षाघातातून उठलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना नैराश्य गाठते. टाळ्यांच्या चित्रफितीत ते दिसत नाही.

प्रसिद्ध कलावंताच्या आजाराविषयी लोकांना कुतूहल वाटणारच. त्यात वावगे काही नाही. ज्याचा आवाज वर्षानुवर्षे आपल्या घरात वावरला, तो गप्प झाला तर जीव चुकचुकतो. पण या कुतूहलाचा प्रश्न नेहमी ठरलेला असतो: पूर्वीसारखे बोलतात का? ‘आशिकी’चे नायक राहुल रॉय यांना नोव्हेंबर 2020 मध्ये कारगिलला चित्रीकरण सुरू असताना पक्षाघात झाला. मुंबईतल्या रुग्णालयातून त्यांच्या चित्रफिती बाहेर आल्या, तेव्हा बहुतेकांनी आधी काय केले असेल? शब्दासाठी चाचपडणारा तो चेहरा 1990 च्या पोस्टरवरच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला.

या तुलनेची झळ त्या नटापुरती राहत नाही. आमच्या मते खरे नुकसान होते ते घरातल्या खाटेवरच्या रुग्णाचे. ‘तो एवढा म्हातारा नट दोन महिन्यांत उभा राहिला, तुम्ही मनावरच घेत नाही,’ हे वाक्य किती काकांना, किती आजींना ऐकावे लागत असेल! सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक असतो, पुढेही ती वर्षानुवर्षे हळूहळू होत राहू शकते. पण मेंदूचा कोणता भाग गेला आणि किती गेला, यावर पुष्कळ काही ठरते. ते मनावर घेण्याने बदलत नाही.

वाचाघाताचे तर तंत्रच न्यारे. पुष्कळदा डोक्यात विचार शाबूत असतो, समोरच्याचे बोलणे बरेचसे कळत असते, पण शब्द हाती लागत नाही. भाषेची केंद्रे बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतात. मात्र सूर, लय आणि तोंडात बसलेले पाठांतर एवढ्या एकाच जागेवर अवलंबून नसते. म्हणून ज्या आजोबांना स्वतःचे नाव सांगता येत नाही, ते आरती सुरू झाली की कधी कधी चार ओळी बिनचूक म्हणून जातात. घरचे थक्क होतात, काहींना तर आजोबा एवढे दिवस ढोंग करत होते असे वाटते. ते ढोंग नसते. हाच धागा धरून सुरांच्या आधाराने बोलणे शिकवण्याची पद्धत अमेरिकेत 1970 च्या दशकात तयार झाली.

अमेरिकेतलेच लोकप्रिय कंट्री गायक रँडी ट्रॅव्हिस यांना जुलै 2013 मध्ये पक्षाघात झाला आणि वाचा गेली. 2016 साली कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, तेव्हा त्यांनी ‘अमेझिंग ग्रेस’ गायले. आवाज खरखरीत होता, शब्द ओढूनताणून येत होते. पुढे 2024 मध्ये त्यांच्या नावाने नवे गाणे आले. दुसऱ्या गायकाने ते गायले आणि जुन्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यावर ट्रॅव्हिस यांचा तरुण आवाज चढवला. हे त्यांच्या संमतीने झाले, तेव्हा तक्रारीला जागा नाही. तरीही आमचे माप 2016 च्या त्या खरखरीत गाण्याच्या बाजूने पडते. ते त्यांनी स्वतः गायले होते.

डग्लस यांनीही जुना आवाज परत आणल्याचा आव कधी आणला नाही. 1999 च्या ‘डायमंड्स’मध्ये त्यांनी पक्षाघातातून सावरणारा म्हातारा मुष्टियोद्धा केला आणि अडखळते बोलणेच भूमिकेत वापरले. 2011 च्या ऑस्करला, वयाच्या 94 व्या वर्षी, विजेतीचे नाव जाहीर करायला त्यांनी मुद्दाम इतका वेळ लावला की सभागृह हसून लोटपोट झाले. 103 वर्षांचे होऊन 2020 मध्ये ते गेले.

त्यांना वाचा उपचारतज्ज्ञ मिळाला. आपल्याकडे तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट मिळाला तरी पुष्कळ; रुग्णाशी त्याच्या भाषेत, त्याच्या बोलीत सराव करणारा माणूस शहराबाहेर क्वचितच सापडतो. जिल्हा रुग्णालयांत अशी पदे असावीत आणि ती भरलेली असावीत, ही मागणी नट्यांच्या आणि नटांच्या प्रकृतीच्या चौकशीइतक्याच आवाजात व्हायला हवी.

तोवर एवढे करा. चेहऱ्याची एक बाजू ओघळली, एक हात उचलेना किंवा बोलणे लडखडले, तर तेलमालीश आणि गावठी उपचारांत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. आणि अंगावरून वारे गेलेल्या ओळखीच्या माणसाला भेटायला गेलात, तर प्रश्न बायकोला किंवा मुलाला न विचारता त्यालाच विचारा, आणि त्याचे उत्तर पुरे होईपर्यंत थांबा.