पहिल्या पंगतीला कोण बसणार?

दिवाळीच्या जेवणात काय असावे आणि काय नसावे, यावर घरात सर्वांत ठामपणे कोण बोलते? ज्याला ते रांधायचे नसते, तो! भाऊबिजेला पंधरा माणसांचा स्वयंपाक ज्यांनी एकदा तरी केला असेल, त्या वाचक भगिनी मला दुजोरा देतील. ज्यांनी केला नसेल, ते रागावतील. रागवोत बापडे! हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

निमित्त आहे लझानियाचे. हा इटलीतला पदार्थ हल्ली आमच्या मावळात शिरला आहे. लोणावळ्याला सुटीचा बंगला घेऊन उतरणाऱ्या कुटुंबांबरोबर तो आला, आणि तळेगाव-वडगावच्या काही घरांतही आता सणासुदीला होऊ लागला आहे. पिठाच्या पातळ लांबट पट्ट्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, त्यांचे थर रचायचे, थराथरांत टोमॅटोचा आटवलेला रस, दुधाचा दाट पांढरा सॉस, भाजी, पनीर नि चीज घालायचे आणि सारे भट्टीत भाजायचे. इतक्या निरुपद्रवी पदार्थावर केवढी आग पाखडली जाते! "भाऊबिजेला लझानिया? मग नाताळाला पुरणपोळ्या लाटा!" असे म्हणणारे एक काका प्रत्येक कुटुंबात असतात. हे वाक्य ते आरामखुर्चीतून बोलतात, आणि त्या वेळी त्यांच्या हातात कोणीतरी करून दिलेला चहा असतो.

मी लझानियाची बाजू घेणार आहे. तो मला पुरणपोळीहून चविष्ट वाटतो म्हणून नव्हे, नाही वाटत. माझे कारण वेगळे आहे. पण आधी काकांचे आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप असा की, हा पदार्थ परका आहे. बरे, मग आपले काय? एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या आधी यांतले एकही आपल्याकडे नव्हते. तरी आज उपासाला तीच खिचडी चालते आणि इथला गहू मात्र चालत नाही! लोणावळ्याच्या चिक्कीचे नाव साऱ्या महाराष्ट्रात झाले, तिच्यातला शेंगदाणाही त्याच वाटेने आलेला. आणि आम्हां मावळकरांना ज्याचा सर्वांत अधिक अभिमान, तो इंद्रायणी तांदूळ? वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली तो वाण दिला. त्याचा एक जनक आपला आंबेमोहर खरा. पण दुसरा आय. आर. ८, म्हणजे फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली काढलेला वाण. त्या आय. आर. ८ चे आईबाप पुन्हा एक इंडोनेशियाचा नि एक तैवानचा! आज त्याच तांदळाचा वास सुटला की आम्ही "हा खरा मावळ" म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. वाण कुठून आला यावर तो आपला होत नाही. कोणी लावला, कोणी कापला, कोणी एकत्र बसून खाल्ला यावर होतो.

आणि लझानिया तरी आपल्याला इतका अनोळखी आहे का? होरेस नावाच्या रोमन कवीने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की, आपण संध्याकाळी घरी परततो ते हरभरे, कांद्याच्या पातीच्या जातीची एक भाजी आणि 'लागानुम' यांच्या वाडग्याकडे. लागानुम म्हणजे पिठाच्या पातळ चकत्या. कित्येक अभ्यासक लझानियाचे नाव तिथवर नेऊन पोचवतात. आता सांगा, कडधान्यासोबत पिठाच्या चकत्या, हे वर्णन ऐकून मराठी माणसाला काय आठवते? वरणफळे! चकोल्या! पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या, नेपल्सच्या दरबाराशी जोडल्या जाणाऱ्या एका लॅटिन पाकग्रंथात उकडलेल्या चकत्या आणि किसलेले चीज यांचे थर सांगितले आहेत. त्यात टोमॅटो नाही. कारण टोमॅटोही अमेरिकेचा, तो इटलीत पोचायलाच अजून दोनशे वर्षे होती. म्हणजे ज्याच्या लाल रंगावरून आपण लझानिया ओळखतो, तो रंग खुद्द इटलीलाही बाहेरून मिळालेला आहे. नेपल्सचे लोक कार्निव्हलच्या सणाला आजही लझानिया करतात. त्यांनी टोमॅटोला "परका" म्हणून दाराबाहेर ठेवले नाही, म्हणून त्यांचा सण काही बुडाला नाही.

दुसरा आक्षेप असा की, याने पुरणपोळी मरेल, फराळ मरेल. मी फराळाच्या डब्याला हातही लावत नाही. चकली, करंजी, अनारसे, चिरोटे असू द्यात. ते आधी चार दिवस करून ठेवण्याचे पदार्थ आहेत. देवाचा नैवेद्यही वरणभाताचाच असू द्या. त्या पानात मी कांदा-लसूण वाढा म्हणत नाही. माझा प्रश्न आहे तो त्या एका दुपारच्या जेवणाचा, जेव्हा बहिणी माहेरी येतात, भाऊ जमतात, मुले हुंदडतात आणि स्वयंपाकघरातून पोळी "तव्यावरून ताटात" यावी अशी सर्वांची अपेक्षा असते.

आता माझे कारण ऐका. पुरणपोळी, पुरी, भाकरी हे थोर पदार्थ आहेत, पण ते एका बाईला चुलीशी बांधून ठेवतात. "वहिनी, गरम असेल तर आणखी एक!" ही प्रेमाची मागणी आहे, कबूल, पण ती दहा तोंडांतून आली की वहिनी तासभर उभीच राहते. आधी पुरुष आणि मुले, मग पाहुण्या बायका, मग सासूबाई आणि शेवटी उरलेल्या आमटीत गार पोळी बुडवून वहिनी. तोवर गप्पा संपलेल्या, पाने उचललेली, काका घोरत असलेले. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत असे आढळले की, घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात ते काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि ते करणाऱ्या पुरुषाची ९७. हा साध्या दिवसांचा हिशेब झाला. दिवाळीचा वेगळा मांडला तर काय निघेल, ते प्रत्येकीने आपल्या घड्याळात पाहावे.

लझानिया या बेडीतून सोडवतो, एवढेच माझे म्हणणे. तो आदल्या रात्री रचून ठेवता येतो. दुपारी भट्टीत सरकवला की पाऊण तास त्याच्याकडे बघावे लागत नाही. बाहेर काढल्यावर तर तो पंधरा मिनिटे तसाच राहू द्यावाच लागतो, नाहीतर कापताना थर घसरतात. त्या पंधरा मिनिटांत पाने मांडून होतात आणि मग सारे एकदम बसतात. सारे म्हणजे सारे, करणारीसुद्धा! दुसऱ्या पंगतीची तो गरजच ठेवत नाही.

तिसरा आक्षेप खटाटोपाचा आणि खर्चाचा. खटाटोप आहे, पण तो वाटून घेता येतो. बारा माणसांसाठी मैदा आणि बारीक रवा मिळून अर्धा किलो घ्या, मीठ नि चमचाभर तेल घालून घट्ट मळा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. चिरोट्याला लाटतो तसे पातळ लाटायचे. ज्या भाच्याला पोळी गोल येत नाही त्यालाही हे काम जमते, कारण इथे चौकोनच हवा. दोन किलो टोमॅटो आटवायला एकाला बसवा. शंभर ग्रॅम लोण्यावर शंभर ग्रॅम मैदा परतून त्यात एक लिटर दूध हळूहळू घालायचे आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचे. हे काम मी मुद्दाम काकांसाठी राखून ठेवले आहे, त्याला केवळ चिकाटी लागते आणि ती त्यांच्याकडे वादात भरपूर दिसते. भाजी म्हणून पालक, वांगी, लाल भोपळा, जे बाजारात चांगले मिळेल ते. घरात भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, वर झाकण ठेवून, मंद आचेवर भाजा. आपल्या बायकांनी नानकटाई अशीच भाजली आणि भानोले खाली-वर निखारे ठेवून केले. पनीर नि चीज यांचा खर्च होतो, पण पुरणाच्या तुपाचा हिशेब मांडलात तर लाजायचे कारण नाही.

एक इशारा मात्र देते. हाच लझानिया हॉटेलातून मागवून, चांदीच्या ताटात वाढून मिरवणार असाल तर माझी वकिली मागे घेतली असे समजा. मिरवणे ही वेगळी हौस आहे; माझ्या लेखाचा तिच्याशी संबंध नाही.

आता लोणावळ्याच्या त्या बंगल्यांकडे वळते, कारण मूळ दुखणे तिथे आहे. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना दिवाळीत तुंगार्लीला किंवा पवना धरणाच्या काठी येऊन राहणे सोपे झाले. शहरातल्या वहिनीला विश्रांती मिळावी म्हणून ही सहल असते. मग तव्याशी कोण उभे राहते? बंगल्याच्या राखणदाराची बायको. ती आसपासच्या गावातली असते. तिची मुले आमच्या मावळातल्या शाळांत शिकतात. भाऊबिजेच्या दुपारी तिचा भाऊ तिच्या घरी येऊन ताटकळतो आणि ती वीस पाहुण्यांना "गरम गरम भाकरी" वाढत असते. म्हणजे बेडी सुटली नाही. ती एका बाईच्या पायातून काढून दुसरीच्या पायात घातली! "तिला मजुरी मिळते की," असे कोणी म्हणेल. मिळते, आणि ती तिला हवीही असते. म्हणूनच ती नाही म्हणू शकत नाही. तिला पूर्ण दिवसाची मजुरी द्या, सकाळची झाडलोट झाली की ओवाळायला घरी पाठवा आणि दुपारचे जेवण आपल्या हातांनी भट्टीतून काढा. संस्कृतीची काळजी असणाऱ्यांनी एवढे केले तरी भाऊबिजेची लाज राहील.

लझानियाच हवा असा माझा हट्ट नाही. मसालेभात करा, बिर्याणी करा, मोठे पातेलेभर वरणफळे करा. जे एकदा करून सर्वांना एकाच वेळी वाढता येईल ते काहीही करा. आणि पुरणपोळीच हवी असेल तर तीही करा. मात्र मग लाटणे आळीपाळीने फिरले पाहिजे आणि त्या पाळीत पुरुषांचीही नावे हवीत. काका, या भाऊबिजेला जेवणाच्या वेळी पदार्थाचे मूळ गाव विचारण्यापूर्वी एकवार मान वर करून पाहा. सगळे बसले असताना जर कोणी उभी असेल, तर उठण्याची पाळी तुमची आहे.