म्हणणे दाखल करा, हिशेबासकट

वाढीव पोटगीच्या अर्जाचे समन्स बोईसरच्या एखाद्या कामगाराच्या हातात पडले की वकिलाआधी दहा जण सल्ला द्यायला पुढे येतात. तारापूर औद्योगिक वसाहतीत शिफ्ट सुटताना गेटवर, चहाच्या टपरीवर, पालघरकडे निघालेल्या लोकलमध्ये तीच चार वाक्ये ऐकू येतात. "नोकरी सोडून दे, पगारच नाही तर पोटगी कसली?" "पोराला भेटू देतात का? मग पैसे कशाला?" "ती पण कमावते ना?" "हातात पैसे देऊ नकोस, माहेरी जातात." सल्ला देणाऱ्यांच्या मनात मित्राची काळजीच असते. पण या चारही सल्ल्यांनी मुलाचे नुकसान होते आणि बापाचेही. ज्या पालकाकडे मुलाचा ताबा नाही त्याने अशा अर्जाला वेळेत, पूर्ण आणि खऱ्या आकड्यांनिशी उत्तर द्यावे. रक्कम कमी करून मागण्याचे खरे कारण असेल तर तेही उघडपणे मागावे, असे माझे ठाम मत आहे. उत्तर देणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि तितकाच तो त्याचा हक्क आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ पोटगीचे आणि १२७ तिच्या फेरबदलाचे होते. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ आणि १४६ ने घेतली. १९७३ च्या संहितेत महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ मध्ये केंद्राने काढून टाकली. पालघर जिल्ह्यात या कलमाचे महत्त्व आणखी एका कारणाने मोठे आहे. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाहीत. म्हणजे वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी घरातल्या मुलासाठी हेच कलम मुख्य आधार ठरते. ते जात, जमात, धर्म पाहत नाही. आणि फेरबदलाचे कलम दोन्ही बाजूंनी चालते: परिस्थिती बदलल्याचे सिद्ध झाले तर रक्कम वाढते, तशीच कमीही होते. हे दुसरे अर्धे गेटवर कोणी सांगत नाही.

आता त्या सल्ल्यांकडे येऊ. पहिला, नोकरी सोडण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये भुवन मोहन सिंग खटल्यात स्पष्ट केले की धडधाकट माणसाला कमाई नसल्याचे कारण पुढे करून जबाबदारी टाळता येत नाही. वेळ पडली तर अंगमेहनत करूनही त्याने बायको-मुलांना सांभाळले पाहिजे. म्हणजे नोकरी सोडणाऱ्याचा पगार जातो आणि पोटगी तशीच राहते. "महिनाभर आत बसून येईन, मग सुटलो," असेही काही जण म्हणतात. १९८९ च्या कुलदीप कौर खटल्यात न्यायालयाने तेही निकालात काढले: कैद हा वसुलीचा मार्ग आहे, कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही.

नोकरी सोडायची नाही, पण ठेकेदाराकडून कमी पगाराचा दाखला आणायचा, हा याच सल्ल्याचा धाकटा भाऊ. समजा दाखल्यावर ९,००० रुपये लिहिले आहेत. त्याच माणसाच्या पीएफच्या पासबुकात दर महिन्याला कामगाराच्या हिश्शाचे १,८०० रुपये जमा दिसतात. हा हिस्सा बारा टक्क्यांचा असतो. याचा अर्थ मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून किमान १५,००० झाले. बँकेच्या उताऱ्यावर ओटीचे पैसे वेगळे दिसतात ते निराळेच. समोरच्या वकिलाने उलटतपासणीत ही दोन कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवली की दाखला पडतो. त्यानंतर हाच माणूस खरे बोलला, कंपनीने खरोखरच ओटी बंद केली असे म्हणाला, तरी न्यायाधीशांनी त्यावर विश्वास का ठेवावा? खोट्या शपथपत्राबद्दल वेगळी कारवाई होऊ शकते, ती निराळीच.

दुसरा सल्ला दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. ठरलेल्या रविवारी बाप दारात उभा राहतो आणि मुलगा आजोळी गेल्याचे सांगितले जाते, हे घडते, आणि तो अन्याय आहे. त्या बापाचे दुःख हसण्यावारी नेणाऱ्यांपैकी मी नाही. पण या अन्यायावरचा उपाय कायद्याने वेगळा ठेवला आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली भेटीचा आदेश मागता येतो. आदेश असून पाळला जात नसेल तर त्याची अंमलबजावणी मागता येते. कलम १४४ मध्ये मुलाची भेट ही पोटगीची अट नाही, आणि ती नसणे योग्यच आहे. मोठ्यांच्या भांडणाचा दंड मुलाच्या ताटातून वसूल करायचा नसतो. व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहा: ज्याची पोटगी महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा आहे, तो भेटीचा अर्ज घेऊन उभा राहिला की त्याच्या शब्दाला वजन येते. वर्षभराची थकबाकी असलेल्याचे पहिले वाक्यच अडते.

तिसऱ्या सल्ल्यात तथ्य आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. आई कमावत असेल तर तिचाही वाटा धरावा, हे न्यायालयाने मान्य केले आहे. २००० सालच्या पद्मजा शर्मा खटल्यात आईबाप दोघेही नोकरीत होते. मुलांचा खर्च दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला गेला. तो हिशेब इथल्या आकड्यांत मांडू. आई एखाद्या कारखान्याच्या पॅकिंग विभागात १२,००० मिळवते, बाप प्लँटवर ३०,००० मिळवतो. प्रमाण झाले दोनास पाच. मुलाचा महिन्याचा खर्च १४,००० धरला तर आईकडे ४,००० आणि बापाकडे १०,००० येतात. "ती पण कमावते" या वाक्यातून बापाला सूट मिळत नाही. मिळतो तो वाटा. तो वाटा त्याने आपल्या म्हणण्यात पुराव्यानिशी जरूर मांडावा. मात्र रात्री ताप उतरेपर्यंत जागणे, सकाळी डबा करून फर्स्ट शिफ्ट गाठणे, पालकसभेसाठी खाडा करणे हे कष्ट कोणत्याही पगारपत्रकात येत नाहीत आणि ते जिच्याकडे ताबा आहे तीच उपसते. हिशेब करताना याची जाणीव ठेवणे हा साधा न्याय आहे.

चौथा सल्ला हातात पैसे न देण्याचा. त्यातून बाप दिवाळीला सायकल घेतो, वाढदिवसाला मोबाईल घेतो, परस्पर फी भरतो आणि मग आदेशातली रक्कम थकलेली पाहून चकित होतो. आदेशाबाहेर दिलेल्या वस्तू पोटगीत वळत्या होतीलच, याची खात्री नसते. आणि मुलाचा खर्च म्हणजे फक्त फी आणि दप्तर, हा समजही चुकीचा आहे. ज्या खोलीत ते मूल झोपते तिचे भाडे, ज्या गॅसवर त्याची भाकरी होते तो सिलिंडर, ज्या दिव्याखाली ते अभ्यास करते ते वीजबिल, हा सगळा मुलाचाच खर्च आहे. शाळेची फी थेट शाळेत भरायची असेल तर ते म्हणण्यात लिहावे आणि न्यायालयाकडून आदेशात घालून घ्यावे. बाकीची रक्कम बँकेतून द्यावी. दोघांनाही पुरावा राहतो आणि संशयाला जागा उरत नाही.

इथवर बापाच्या बाजूच्या लोकांशी वाद घातला. आता दुसऱ्या बाजूच्या एका समजाशीही घातला पाहिजे. रक्कम कमी करून मागणारा प्रत्येक बाप पळपुटा, असे अनेकांना वाटते. तारापूरची नोकरी कशी असते हे ज्यांना माहीत आहे त्यांनी तरी असे म्हणू नये. प्रदूषण नियंत्रण मंडळाची उत्पादन बंद करण्याची नोटीस कारखान्याला लागली की पहिल्यांदा घरी बसतात ते ठेक्यावरचे कामगार. ठेका बदलला की नवा ठेकेदार जुन्या माणसाला घेईलच असे नाही. अपघातात हात गेलेल्या फिटरला पुन्हा तेच काम मिळत नाही. अशा माणसाने जुन्याच रकमेचा आदेश डोक्यावर घेऊन गप्प बसावे असे म्हणणे मुलाच्याही हिताचे नाही. न झेपणाऱ्या आदेशातून थकबाकी वाढते, मुलाच्या घरात दाणा येत नाही. मात्र त्याने लगेच अर्ज करायला हवा. सहा महिने पोटगी थकवून, वॉरंट निघाल्यावर "काम सुटले होते" असे सांगणे आणि काम सुटल्याच्या महिन्यातच बडतर्फीचे पत्र जोडून फेरबदल मागणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सातपाटी, दांडी, नवापूरच्या मच्छीमारांचा प्रश्न आणखी निराळा. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि नेमक्या जूनमध्ये शाळा उघडतात. वह्या, गणवेश, रेनकोट, फीचा पहिला हप्ता, सगळे एकदम येते. बापाचा सर्वांत रिकामा महिना तो मुलाचा सर्वांत खर्चाचा महिना. इथे रक्कम कमी करण्यापेक्षा वेळापत्रक बदलून मागणे शहाणपणाचे: हंगामात जास्त भरायचे, शाळेचा खर्च मे महिन्यातच जमा करायचा आणि बंदीच्या दोन महिन्यांत थोडे भरायचे. वर्षाची बेरीज तीच राहते. असा प्रस्ताव लेखी मांडणारा बाप पळपुटा नव्हे.

मग उत्तर कसे द्यावे? याचा नमुना महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्याने देशाला दिला आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये सुरू झालेला 'रजनेश विरुद्ध नेहा' हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि ४ नोव्हेंबर २०२० ला त्याचा निकाल लागला. अंतरिम पोटगीसाठीच सात वर्षे गेली होती. नागपूरच्या मूळ आदेशातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: मुलासाठी पहिली दोन वर्षे महिना ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,०००. मूल वाढते तसा खर्च वाढतो, हे त्या आदेशाने आधीच गृहीत धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र सक्तीचे केले. लेखी म्हणणे आणि हे शपथपत्र देण्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे ठरवले आणि त्यापुढे दोनपेक्षा जास्त संधी देऊ नयेत असे सांगितले. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना दिला. तो डहाणू-घोलवडच्या चिकूवाडीवाल्याच्या आणि वाड्याच्या भातशेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे. हे शपथपत्र दोघांनाही लागू आहे, त्यामुळे आईलाही आपले उत्पन्न सांगावे लागते. ज्या बापाला समोरची बाजू लपवते असे वाटते, त्याने आधी आपली पाने भरून द्यावीत. मग तिची मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

त्या पानांत पगारपत्रके, बँकेचे उतारे, पीएफचे पासबुक, ओटीचा खरा आकडा, भाडे, म्हाताऱ्या आईचे औषध, दुसरा संसार असेल तर तो, सगळे यावे. गाडीचा किंवा पतपेढीचा हप्ता वजा करून पगार दाखवू नये. स्वेच्छेने घेतलेले कर्ज न्यायालय सहसा मुलाच्या आधी धरत नाही. ईएसआयसीच्या कार्डावर मुलाचे नाव चालू असेल तर त्याचाही उल्लेख करावा, म्हणजे त्याच्या आजारपणाची सोय कुठे आहे हे दोघांनाही कळते. आणि शेवटी स्वतःचा प्रस्ताव द्यावा: किती देतो, कोणत्या तारखेला देतो, दर वर्षी किती वाढवतो.

ही वाढ लिहून घेण्याचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ब्रिटनमधली सरकारी यंत्रणा दर वर्षी करखात्याकडून उत्पन्नाचा आकडा घेऊन मुलाच्या रकमेचा आढावा घेते. मधल्या काळात उत्पन्नात निदान २५ टक्के फरक पडला तरच रक्कम बदलते. आपल्याकडे असा आढावा आपोआप होत नाही. कोणीतरी अर्ज करावा लागतो, तारखा पडतात, आणि दर तारखेला बोईसरच्या माणसाचा एक खाडा आणि त्या आईचाही एक खाडा होतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पत्नीच्या पोटगीत दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ आदेशातच घातली. मुलांच्या बाबतीत तडजोडीच्या अटींत हेच लिहिले तर बहुतेक फेरबदल-अर्जांची गरजच उरणार नाही.

वकिलाचा खर्च परवडत नाही ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळू शकतो. म्हणजे तारापूरचा कामगार आणि त्याची विभक्त पत्नी, दोघेही या यादीत बसतात. १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. तारीख चुकून एकतर्फी आदेश झाला असेल तर योग्य कारण दाखवून तो रद्द करून घेण्यासाठी तीन महिने मिळतात.

उरलेले काम तारापूरच्या इतरांचे आहे. ठेकेदारांनी दर महिन्याला खरे पगारपत्रक द्यावे. ती त्यांची कायद्याने जबाबदारी आहे, आणि पत्रक नसलेल्या कामगाराला वाढलेला पगारही सिद्ध करता येत नाही, बुडालेलाही नाही. कामगार संघटनांनी बोनसइतक्याच गांभीर्याने हा विषय घ्यावा. विधी सेवा समितीने साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोईसरमध्ये बसून शपथपत्रे भरून द्यावीत, म्हणजे सल्ला घ्यायला टपरीवर जाण्याची वेळ येणार नाही. आणि ज्याच्या हातात आज समन्स आहे त्याने चार आठवडे मोजायला सुरुवात करावी, पासबुक छापून घ्यावे आणि मुलाच्या शाळेची फी पावती मागून घ्यावी. आपल्या मुलाला महिन्याला किती लागतात हे पै-पैशासह सांगू शकणारा बाप न्यायालयात कोणाच्याही नजरेला नजर देऊन उभा राहू शकतो, मग तो जास्त द्यायला तयार असो की कमी करून मागत असो.