मोहाची दारू आणि काचेच्या कपाटातील घोडा

आमच्या परिचयातील एका सुविद्य कुटुंबाच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात दोन वस्तू शेजारी शेजारी विराजमान आहेत. एक, परदेशस्थ चिरंजीवांनी आणलेली जुनी जपानी व्हिस्की. दुसरी, ढोकरा पद्धतीचा पितळी घोडा. बाटलीविषयी यजमान पाव तास बोलतात. घोड्याविषयी पृच्छा केली असता म्हणाले, "असेल कुठल्या तरी आदिवासींचा, हैदराबादेस घेतला."

जपान्यांचे कौतुक आम्हांसही आहे. यामाझाकी कारखान्याने २०२० साली पंचावन्न वर्षे मुरलेली व्हिस्की काढली. बाटल्या अवघ्या १००, प्रत्येकीचे मोल ३० लाख येन, आणि घेणाराची निवड सोडतीने! बाटलीच्या तोंडाला हातकागदाचे वेष्टण, त्यावर क्योटोच्या विणकरीची दोरी, पेटीला लाखेचा लेप. बंद पडलेल्या कारुइझावा कारखान्याच्या १९६० सालच्या पिंपातून २०१३ साली फक्त ४१ बाटल्या भरल्या गेल्या. प्रत्येकीस एकेक जुनी नेत्सुके, म्हणजे कमरपट्ट्यास अडकवावयाची कोरीव गुंडी, बांधलेली होती. आपल्या कारागिराला पेयाच्या पंक्तीस बसविण्याची ही रीत वाखाणण्याजोगीच आहे.

आमची तक्रार जपान्यांविषयी नाही, आपणांविषयी आहे. पेय आणि कला यांची सोयरीक आपल्या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या नांदत आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले गळतात. गोंड स्त्रिया ती वेचतात, वाळवितात, भिजवून आंबवितात आणि मडक्यावर मडके चढवून अर्क काढतात. त्याची पहिली धार पेनाला आणि पूर्वजांना. जन्म, लग्न, मर्तिक यांपैकी काहीही तिच्यावाचून पार पडत नाही. त्या देवांच्या मूर्ती, घंटा, दागिने ओतणारे वोज, ज्यांना आपण ओझा म्हणतो, जैनूरजवळच्या उशेगावात आजही आहेत. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून नक्षी घडवावयाची, वरून माती लिंपावयाची, भट्टीत मेण वितळून गेले की त्या पोकळीत पितळेचा रस ओतावयाचा. साचा फोडल्यावाचून मूर्ती बाहेर येत नाही. म्हणून एकीसारखी दुसरी नसते. २०१८ साली या कलेला 'आदिलाबाद ढोकरा' म्हणून भौगोलिक निर्देशांक मिळाला. ही वार्ता आपल्या किती घरांत पोहोचली?

येथे आम्हांस स्वतःसही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे भाग आहे. संपूर्ण दारूबंदीच्या काळात, १९९५ ते ९७ च्या दरम्यान, एका गुड्यावरील छाप्यास आम्ही उपस्थित होतो. मडकी फोडली गेली, फुले मातीत मिसळली गेली, आणि पंचनाम्यावर आम्ही सुवाच्य अक्षरात सही केली. घरातील म्हातारी देवापुढील वाटी मात्र हातात घट्ट धरून उभी होती. त्या वाटीची नोंद पंचनाम्यात झाली नाही, एवढेच आमचे पुण्य! मुंबई सरकारने १८९२ साली मोहफुलांवर निर्बंध घातले, तेव्हापासून सरकारी दौतीची ही परंपरा चालत आली आहे. आम्ही तिचे पाईक.

व्यसनाचा मुद्दा कोणी काढील. काढावाच. १९९२ साली नेल्लोरकडील स्त्रियांनी सारा दारूविरुद्ध जे आंदोलन उभारले, त्यास आमचा नमस्कार आहे. परंतु त्यांचा रोष मक्तेदाराच्या दुकानांवर होता, देवापुढल्या वाटीवर नव्हे. आणि व्यसनाची एवढी चाड असेल तर कपाटातील बाटलीचे काय? पंचावन्न वर्षे मुरल्याने मद्य सात्त्विक होते की काय?

दुसरी टोळी अधिक घातक. मध्य प्रदेशाने २०२१ साली मोहाच्या दारूस 'वारसा मद्य' म्हणून मान्यता देण्याची घोषणा केल्यापासून आपल्याकडील काही उत्साही मंडळींना उटनूरचा मोह सुबक बाटलीत, ढोकऱ्याच्या बुचासह, विकण्याची स्वप्ने पडू लागली आहेत. फुले वेचणारीस आणि ओतणाऱ्यास त्यातून काय मिळणार, असे विचारताच ही मंडळी वेष्टणाच्या रंगाविषयी बोलू लागतात. शिवाय मोह ताजाच घ्यावयाचा असतो. पिंपात वर्षानुवर्षे कोंडण्याची ती वस्तूच नाही, हेही त्यांच्या गावी नाही.

आपले मंडळ प्रतिवर्षी अतिथींना शाल, श्रीफळ व एक पितळी मूर्ती देते. ती मूर्ती यापुढे दुकानातून न आणता उशेगावी जाऊन, घासाघीस न करता, ओतणाऱ्याच्याच हातून घ्यावी आणि त्याचे नाव मूर्तीसोबतच्या चिठ्ठीवर लिहावे, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. अनुमोदक हवा आहे.